अर्ध्या कागदाची वेदी

हुस्नबानू काकूंनी आयुष्यात कधी पूर्ण चित्र काढलं नव्हतं. हे मी खवचटपणे म्हणत नाही, त्या स्वतःच सांगतात. मान थोडी डावीकडे कलती करून, एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा: “मी अर्धं काढते. उरलेलं अर्धं सुई काढते. पूर्ण काढत बसले तर वेळ कोणाचा जाईल? तुमचा?”

यातलं ‘तुमचा’ फार महत्त्वाचं. ते म्हणताना आवाज चढत नाही, उलट एक पायरी खाली उतरतो, आणि समोरचा माणूस उगाचच घड्याळ बघतो.

काकू चर्चच्या वेद्यांचे खाके काढतात. वेदी म्हणजे चर्चमध्ये अगदी समोर, जिथे फादर उभे राहून मिस्सा करतात ती जागा. पण नुसतं टेबल नव्हे. त्यामागे छतापर्यंत चढत गेलेली लाकडाची नक्षी असते, खांब, कमानी, कोनाडे, वेली, आणि सगळ्यात वर सोन्याच्या वर्खाची किरणं. हे सगळं लाकडात उतरण्याआधी कुठेतरी कागदावर उतरावं लागतं, आणि तेही खऱ्या मापात. पार श्रीरामपूरपर्यंत अशा सतरा वेद्या उभ्या आहेत, ज्यांचा कागद पुण्याच्या धायरीत, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, काकूंच्या हॉलच्या फरशीवर तयार झाला. सोफा भिंतीला सरकवलेला, टीव्हीवर चादर, आणि वर्तमानपत्रं खळीने एकमेकांना चिकटवून केलेला बारा फुटी कागद दारापासून मोरीपर्यंत पसरलेला. त्या दिवसांत घरात येणाऱ्याला रस्ताही तसाच सांगितला जातो. “अहो, खांबावर पाय देऊ नका. कमानीतून या. हां, आता किरणांवरून उडी मारा आणि दूध तिकडे ठेवा.” आमचा दूधवाला बिचारा दर वेळी कॅन डोक्यावर धरून कमानीतून जातो.

हे अर्ध्या कागदाचं काम त्या वडिलांकडून शिकल्या. वडील बुधवार पेठेत जरीकामाचे खाके पाडायचे. आज जिथे दुकानाबाहेर चार्जरच्या वायरी लटकतात, त्याच बोळात वरच्या माळ्यावर त्यांची बैठक होती. साडीच्या पदराची नक्षी अर्धी काढायची, कागद मध्यावर दुमडायचा, आणि रेषेवरून सुई टोचत जायची, दोन्ही थरांतून आरपार. कागद उघडला की दोन्ही बाजू हुबेहूब. मग तो कापडावर ठेवून वरून पावडरची पुरचुंडी फिरवायची, की भोकांतून ठिपक्यांची नक्षी खाली उतरते. सात वर्षांची हुस्नबानू सुई टोचायला बसायची, कारण तिचा हात हलत नसे. आजही नाही हलत. सुई बाटलीच्या बुचात खोचलेली असते, आणि टोचताना टक-टक-टक असा एका लयीत आवाज येतो. मध्येच लय तुटली तर समजायचं, कोणाला तरी ओरडा पडणार आहे.

लग्न झालं नियाज काकांशी. काका लाकडावर नक्षी कोरतात. दारं, देव्हारे, गणपतीची मखरं. एकतीस वर्षांपूर्वी कँपातल्या एका छोट्या चॅपलच्या लोकांनी त्यांना विचारलं, वेदी कराल का? काका म्हणाले, “हौ, करू की,” आणि घरी येऊन म्हणाले, “बानू, वेदी म्हणजे काय असतं गं?”

काकू दुसऱ्या दिवशी त्या चॅपलमध्ये जाऊन बसल्या. पुढे नाही, शेवटच्या बाकावर. तीन सकाळी बसल्या. तेव्हापासून प्रत्येक चर्चमध्ये त्यांची जागा तीच. पहिल्या बाकावरून काहीही चांगलंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या बाकावर उशिरा आलेली बाई बसते, कडेवर रडकं पोर असतं, तिचं लक्ष उडालेलं असतं. तिला वेदी दिसली पाहिजे. म्हणून वरची पानं खालच्या पानांपेक्षा दीडपट मोठी, आणि कोरायचीही दुप्पट खोल. खालून बघताना ती सारखीच वाटतात. ऊन कुठल्या खिडकीतून कधी येतं ते त्या पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवतात, कारण सावली पडली नाही तर कोरलेलं पान म्हणजे नुसतं ओबडधोबड लाकूड. कोनाड्यांची मापं घेतात, पण आत कोण उभं राहणार हे त्या काढत नाहीत. “मूर्ती तुमची तुम्ही आणा,” त्या सांगतात. “मी घर बांधते. फक्त मुकुटासकट उंची सांगा. मागे एकदा मुकुट सांगायचा राहिला, आणि मग माझ्याकडे बघत बसले.”

काकूंचं मराठी हा एक वेगळाच विषय आहे. पेठेतल्या म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिकल्या, त्यामुळे ‘ळ’ असा लखलखीत की आमच्या मराठीच्या सरांनी ऐकला तर वही घेऊन बसतील. आम्ही मूळचे यवतमाळचे. माझी आई त्यांच्याशी बोलताना ‘काहून’ गिळून ‘का बरं’ म्हणते. आणि फादर इंद्रजीत पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगमध्ये आले, तेव्हा नाव वाचून हिंदीत सुरू झाले, “नमस्ते, आप ही हुस्नबानूजी...” तर काकू म्हणाल्या, “मराठीत बोललात तरी चालेल. मला समजतं.”

फादर इंद्रजीत मांजरीकडच्या एका चर्चचे. तिथली बहुतेक माणसं नगर जिल्ह्यातून दोन पिढ्यांपूर्वी कारखान्यांमध्ये कामाला आलेली. त्यांचं जुनं कौलारू चर्च पाडून नवीन बांधलं होतं, आणि नवीन चर्चला वेदी हवी होती. फादर कुठेही बोलले तरी समोर माइक असल्यासारखे बोलतात. प्रत्येक वाक्य हळूहळू वर चढवतात, टोकाशी थांबतात, आणि ‘नाही का?’ म्हणून हलकेच खाली सोडतात. “बघा हं. जुन्या वेदीच्या दोन फळ्या. आम्ही जपून ठेवल्यात. सागवान. ऐंशी वर्षांचं. आमच्या कित्येक लोकांची लग्नं या फळ्यांसमोर लागली... नाही का?”

नियाज काका म्हणाले, “असतील की.” त्यांना वाटलं खरंच विचारतायत.

फळ्या सहा फुटी, वीतभर रुंद, चार बोटं जाड. फादरना त्या नवीन वेदीच्या दोन्ही बाजूंना हव्या होत्या, नक्षी कोरून. त्यांनी काकूंच्या हातात कागदावर लिहूनही दिलं होतं: उजवीकडे द्राक्षाचा वेल, डावीकडे गव्हाच्या ओंब्या. द्राक्षारस आणि भाकर, मिस्सेत दोन्ही लागतात म्हणून.

पण चर्चच्या कमिटीत सगळ्यांना लाकूड नको होतं. कमिटीच्या सेक्रेटरी शालन मॅडम, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना फायबरची तयार वेदी आवडली होती, संगमरवरासारखी दिसणारी, फोनमध्ये फोटोही होता. फादरबरोबर मॅडमही आल्या होत्या. त्या बोलतात ते परिपत्रक वाचल्यासारखं. “मुद्दा क्रमांक एक, फायबरला वाळवी लागत नाही. मुद्दा क्रमांक दोन, धुता येते. मुद्दा क्रमांक तीन, आज सांगितलं तर पंधरा दिवसांत येते.” शेवटी ठरलं असं, की जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी कमिटी धायरीला येऊन दोन्ही फळ्या बघेल. पसंत पडल्या तर लाकडाची वेदी, नाही तर फायबर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी बिशप येऊन वेदीला आशीर्वाद देणार होते, त्यामुळे त्यापुढे थांबायला जागा नव्हती.

मॅडम गेल्यावर काकू म्हणाल्या, “धुता येते म्हणे. वेदी आहे का बादली?” पण त्या दिवशी त्यांनी जेवण अर्धंच केलं. पुण्याच्या आसपासच्या तीन चर्चनी गेल्या दोन वर्षांत फायबर बसवलं होतं. हेही गेलं तर कागद पसरायला पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे त्यांना माहीत होतं. “अठरावी झाली तर एकोणिसावी होईल,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचा एक नियम आहे. कागद त्या सवयीने दुमडतातच, पण दोन्ही बाजू वेगळ्या असल्या, की अर्धं काढून झाल्यावर दुमड कात्रीने कापायची आणि खालचा अर्धा कागद टाकून द्यायचा. मग कागद उघडतच नाही, आणि उघडला नाही म्हणजे दुसऱ्या बाजूला चुकून तेच उमटण्याचा प्रश्नच नाही. डिसेंबरात त्यांनी द्राक्षाचा वेल काढला, आणि काय काढला! एकेक पान वेगळं वळलेलं, तणाव्यांचे पीळ, घड असे की तोंडात लाळ सुटावी. सुई टोचून झाली. आता दुमड कापायची आणि दुसऱ्या कागदावर गहू काढायचा, इतक्यात नाशिकहून फोन आला. त्यांच्या मुलीचे, नाजिमाचे, दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी आधीच भरती व्हायला सांगितलं होतं. काकू तासाभरात निघाल्या. कागद तसाच गुंडाळून काकांच्या हातात दिला, “फळ्यांचा कागद. सावकाश करा,” म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

काकांनी तीन आठवडे सावकाश केलं. बिल्डिंगच्या मागे त्यांची पत्र्याची शेड आहे. सकाळपासून मोगरीचा ठक-ठक आवाज, मध्ये पटाशीला धार लावल्याचा खर्रर्र, आणि काकांचं लाकडाशी चाललेलं बोलणं. “अरे बाबा, इथं नै ना, इथं नै फुटायचं. शाब्बास. हौ.” इतक्या प्रेमाने ते माणसांशीही बोलत नाहीत.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, काकू परत आल्या. नातू झाला होता, तन्वीर नाव ठेवलं होतं, आणि नाशिकहून हंगामातल्या पहिल्या द्राक्षांची पेटी आणली होती. घरात न जाता त्या पेटी घेऊनच शेडमध्ये गेल्या. मी क्लासला निघाले होते, पण काका “ये, ये, तू पण ये बघायला” म्हणाले. त्यांनी दोन्ही फळ्या भिंतीला उभ्या केल्या होत्या आणि त्यांवर आईच्या मायेने धोतराचं फडकं टाकलं होतं. त्यांनी ते ओढलं.

“बघ बानू. दोन्हीकडं सारखं. पट्टी लाव. एक सूत फरक निघाला तर माझं नाव बदल.”

काकू बघत राहिल्या. उजवीकडे द्राक्षं. डावीकडे द्राक्षं. हातातल्या पेटीत द्राक्षं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “गहू कुठाय?”

“गहू? डब्यात असंल की.”

मला हसू आलं, आणि लगेच कळलं की हसायचं नाहीये. काकूंनी पेटी खाली ठेवली. कोपऱ्यातला कागद उचलला, उघडला. मधली दुमड शाबूत होती. सुईची भोकं दोन्हीकडे सारखी, आणि दोन्हीकडच्या भोकांत काकांच्या पुरचुंडीचा पांढरा खडू.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “मी कात्री लावली नाही.”

मी त्यांना सोळा वर्षं ओळखते, म्हणजे जन्मापासून. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. काकांनीही नसावं, कारण ते एकदम खाली बसले. मग दोघं तासभर बोलत होते आणि काका एकेका उपायावर मान हलवत होते. नवीन फळी आणायची? नवं सागवान मिळेल, पण त्याच्यासमोर कोणाचं लग्न लागलेलं नाही. कोरलेलं काढून वरून तुकडा चिकटवायचा? “थिगळ दिसंल,” काका म्हणाले. द्राक्षांतूनच गहू काढायचा? काकांनी बोटाने दाखवलं. ओंबीला कुसळं असतात, बारीक, लांब, बाहेर फाकलेली. ती कुठून काढायची? घडाच्या बाजूचं सगळं लाकूड त्यांनी आधीच खोल उतरवलं होतं. “लाकूड काढता येतं बानू. घालता नै येत.”

काकूंनी तिथूनच फादरना फोन लावला. लपवाछपवी नाही, प्रस्तावना नाही. “फादर, हुस्नबानू बोलतेय. दोन्ही फळ्यांवर द्राक्षं झालीत. गहू नाही. चूक माझी.”

फोन स्पीकरवर होता. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फादर, पहिल्यांदाच माइकशिवाय बोलल्यासारखे: “काकू, कमिटी रविवारी येणार. मला त्यांच्यापासून लपवता येणार नाही.”

“लपवा असं मी म्हटलंच नाही,” काकू म्हणाल्या. “चहाला किती जण आहात तेवढं कळवा.”

बुधवारी त्यांनी डावी फळी शेडबाहेर काढायला लावली, कंपाउंडच्या भिंतीला टेकवली, आणि स्वतः पार गेटजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या. शेवटचा बाक. दिवसभर नुसत्या बघत होत्या. येणारे-जाणारे विचारायचे, “काय काकू, ऊन खाताय?” तर त्या म्हणायच्या, “हो. तुम्हाला हवंय?” गुरुवारी दुपारीही तेच. कागद नाही, कोळसा नाही. सुईची टक-टक नाही. बिल्डिंगला कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी क्लासहून येत होते आणि काकू कोथिंबीर घ्यायला निघाल्या होत्या. फाट्यावर सिंहगडाकडच्या गावांतल्या बाया हुरडा घेऊन बसतात. दुर्गाबाई नावाच्या एकीसमोर ताडपत्रीवर ज्वारीच्या कणसांचा ढीग होता. दाणे टच्च भरलेले, हिरवट, आणि वजनाने कणसांच्या माना वाकलेल्या. काकू चालता चालता थांबल्या. एक कणीस उचललं, देठाला धरून उलटं लोंबतं धरलं. डोळे बारीक केले. मग ते माझ्या हातात दिलं, “धर असंच,” म्हणाल्या, आणि मागे जायला लागल्या. दहा पावलं, वीस पावलं, रिक्षास्टँडपर्यंत. तिथून हात करून “जरा वर! अजून वर!”

दुर्गाबाई मला म्हणाली, “काय गं, त्यांना जवळचं दिसत न्हाई व्हय?”

काकू परत आल्या. “सगळी कणसं द्या. पानांसकट.”

“भाजून देऊ?”

“नको. खायची नाहीत.”

“खायाची न्हाई? मंग काय हार करायचा का?” दुर्गाबाईने कणसं पिशवीत भरता भरता मला डोळा मारला. “कोवळा माल हाय बाई. न्हाई खाल्ला तर पाप लागंल.”

“खाऊ. आधी काम होऊ दे,” काकू म्हणाल्या. कोथिंबीर राहिलीच.

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये मी उभी होते, म्हणून सांगू शकते. त्या दिवशी कागद नव्हताच. काकूंनी कोळशाचा तुकडा घेतला आणि सरळ फळीवर, द्राक्षाच्या सगळ्यात खालच्या घडावर काढायला लागल्या. लाकूड थोडंच दुमडता येतं! त्या काढताना समजावत होत्या. घड वर रुंद, खाली निमुळता. वाकलेलं कणीसही तसंच लोंबतं. द्राक्ष म्हणजे एक मोठा गोळा. त्याला चिरा दिल्या की एकातून पाच दाणे. बाहेर काही काढायचं नाही, सगळं आतल्या आतच. द्राक्षाचं पान पसरट, त्याच्या पोटातून ज्वारीचं एकच लांब पान कापून घ्यायचं. वेलीचं वळण आहे तसंच ठेवायचं, वाऱ्यात वाकलेलं ज्वारीचं धाट म्हणून. फक्त पेरं दाखवायची.

काकांनी पटाशी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. “बानू, एकदा मारली की परत नै.”

“माहितीये. म्हणून सगळ्यात खालचा घड धरलाय. शेवटच्या बाकावरून तो दिसत नाही. मारा.”

काकांनी ‘बिस्मिल्ला’ म्हणून मोगरी मारली. पहिल्या द्राक्षाचे पाच दाणे झाले. मग दुसऱ्याचे. दुपारी जेवायला कोणी उठलं नाही. चार वाजता काकू गेटजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या, बराच वेळ बघितलं, आणि तिथूनच आमच्या सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पुढचा घ्या!”

रविवारपर्यंत सातांपैकी तीन घडांची कणसं झाली. चार अजून द्राक्षंच होती. ती फळी तशीच दाखवावी लागणार होती, खाली शेत आणि वर मळा.

कमिटीतून तिघं आली. फादर, शालन मॅडम, आणि सरोजिनीबाई म्हणून एक ऐंशीच्या घरातल्या आजी. त्यांचं लग्न त्याच जुन्या वेदीसमोर लागलेलं, म्हणून फादरनी मुद्दाम आणलं होतं. उजवी फळी बघून शालन मॅडमही दोन मिनिटं मुद्दा क्रमांक विसरल्या. बोट पानावरून फिरवत राहिल्या. मग डाव्या फळीशी आल्या, आणि चष्मा वर केला.

“हे गहू नाहीत.”

“नाहीत,” काकू म्हणाल्या. “गहू मी विसरले. ही ज्वारी आहे. वरची चार अजून व्हायचीत.”

“सूचना लेखी दिली होती.”

“हो. अक्षर छान आहे. चूक माझीच.”

फादरनी घसा साफ केला. त्यांचा चेहरा खरंच अडचणीत सापडल्यासारखा झाला होता. “काम सुंदर आहे. पण ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच करतात. तो नियम आहे आमच्यात. म्हणून गहू... नाही का?”

मॅडमनी पर्समधून फोन काढला. फायबरवाल्याचा फोटो पुन्हा निघणार हे सगळ्यांना कळलं. नियाज काका जमिनीवरचा भुसा पायाने गोळा करायला लागले.

सरोजिनीबाई मात्र फळीजवळ गेल्या होत्या. “हात लावू का गं?” त्यांनी काकूंना विचारलं.

“लावा की. तुमचीच फळी आहे.”

त्यांनी अंगठ्याने एकेक दाणा चाचपला, हुरडा भरला का बघतात तसा. “मालदांडी ज्वारी हाय,” त्या म्हणाल्या. “दाणा बघ कसा टपोरा धरलाय. आधी आपल्या मांजरीला शेतीच होती, कापणीचा सण असायचा. गहू कोणाकडं होता तवा? पहिली कणसं ज्वारीची. आमचे बापू डोक्यावर पेंढी घ्यायचे, आन् आम्ही पोरी मागं गाणी म्हणत. आपल्या जुन्या देवळात नेऊन येदीच्या अंगाला उभी करायची.” त्या फादरकडे वळल्या. “कुठं उभी करायची, सांगू का? हितंच. ह्या फळीला टेकवून.”

फादर फळीकडे बघत होते, पण कणसांकडे नाही. फळीच्या अगदी खाली, जिथे जुनं लाकूड घासून गुळगुळीत झालेलं होतं.

मग काकू म्हणाल्या, “फादर, तुमचा नियम मोडायचा नाही. मधलं छोटं कपाट राहिलंय, प्रसाद ठेवायचं. त्याचं दार अजून कोरं आहे. गहू तिथे घ्या. जिथे गव्हाची भाकर ठेवणार, तिथेच गहू. बाजूला तुमच्या शेतांतलं आणि मळ्यांतलं.”

फादरनी तोंड उघडलं, वाक्य वर चढवलं, टोकाशी आले, आणि ‘नाही का’ आलंच नाही. “हे आधीच सुचायला हवं होतं,” ते म्हणाले. “मला.”

आता सगळे शालन मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली. “मुद्दा क्रमांक एक. उरलेली चार कणसं पूर्ण झाली पाहिजेत. मुद्दा क्रमांक दोन. दाराचा खाका मला आधी दाखवायचा. मुद्दा क्रमांक तीन...” इथे त्या थांबल्या. “वाळवीचं काहीतरी बघा.”

“लावतो ना मॅडम, तेल लावतो,” नियाज काका इतक्या जोरात म्हणाले की सरोजिनीबाई दचकल्या.

फेब्रुवारीत बिशप आले, वेदीवर तेल लावून प्रार्थना झाली, गर्दी इतकी की लोक बाहेर मांडवात उभे. आता उजवीकडे द्राक्षं आहेत आणि डावीकडे ज्वारी. काकू अर्थात शेवटच्या बाकावर होत्या, आणि मिस्सा संपल्यावर लोक पुढे जाऊन फळ्यांना हात लावत होते, तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की डावीकडचं तिसरं पान जरा जाड राहिलंय.

पण मला आठवतो तो त्याआधीचा सोमवार, कमिटी येऊन गेल्याचा दुसरा दिवस. काकूंनी दारासाठी कागद कापला आणि सवयीने मध्यावर दुमडला. हात वर गेला तो तसाच राहिला. मग त्यांनी कागद उलगडला. दुमड दिसत होती, म्हणून उठून इस्त्री गरम केली आणि ती मोडून काढली. मी हसले तर म्हणाल्या, “हसायला काय झालं? इस्त्री फक्त शर्टालाच करतात का?”

त्यांनी एकच ओंबी काढली. खाली डाव्या कोपऱ्यातून निघालेली, उजवीकडे झुकलेली, कुसळं मोकळी सुटलेली. एकटीच. दुसरीकडे नुसती रिकामी जागा, जिथून वारा येतोय असं वाटावं. सुईसुद्धा एकाच थरातून गेली, त्यामुळे टक-टकचा आवाज नेहमीपेक्षा हलका येत होता. कोपऱ्यातल्या परातीत दुर्गाबाईची कणसं होती, त्यांतलं एक भाजून मी खात बसले होते.

संध्याकाळी काका कागद न्यायला आले. त्यांनी तो उचलला, उजेडाला धरून भोकं बघितली, “हौ, झकास,” म्हणाले, आणि एकतीस वर्षं करत आलेत तसा, दारातून बाहेर पडता पडता, दोन्ही कडा जुळवायला लागले.

“दुमडू नका!” काकूंचा आवाज पार वरच्या मजल्यापर्यंत गेला, आईने खिडकी उघडली. “अहो, दुमडू नका. ते पूर्ण आहे.”